सोडलेला मासा

लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात मासळीच्या ओळीत एक निळं पिंप असतं, मधोमध आडवं कापलेलं. त्यात चार बोटं पाणी आणि त्या पाण्यात एकमेकांवर चढलेले काळे, मिशाळ मांगूर. सकाळपासून उन्हात असतात, तरी मरत नाहीत. गिऱ्हाईक आलं की विकणारा एकाला बोटानं टोचतो, तो शेपटी आपटतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. जिवंत हाय म्हणजे ताजा, ताजा म्हणजे चांगला. त्या पिंपापुढून जाताना माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी भोयाच्या घरची सून. मासे कापण्यात अर्धं आयुष्य गेलं, तरी त्या ओळीतून मी मान खाली घालून जाते. राग त्या मांगुराचा नाही, माझा मलाच येतो. का येतो, ते आज सांगून टाकते.

आमचं गाव लोहाऱ्यापासून जीपनं अर्ध्या तासावर. गावाला तळं आहे. पाऊस बरा झाला तर माघापर्यंत भरलेलं असतं, नाही झाला तर संक्रांतीलाच तळ दिसायला लागतो. पण जिथं ओढा तळ्याला मिळतो तिथं खडकात एक खोल डोह आहे. तळं पार भेगाळलं तरी डोहात पाणी राहतं. काठावर सात आसरांचे शेंदूर लावलेले सात दगड. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, बायामाणसांच्या आणि लेकरांच्या राखणदार. त्या डोहात जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, हातानंसुद्धा मासा धरायचा नाही. गावात कुणी कितीही दांडगा असो, हा नियम मोडत नव्हता.

नियमाची राखण आमच्या घराकडं होती, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडं. सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात. मामा देवभोळे वगैरे काही नव्हते. लग्न होऊन आले तेव्हा मी बारावी शिकलेली, मला वाटायचं मीच काय ती शहाणी. एकदा विचारलं, खरंच आसरा आहेत का हो तिथं? तर म्हणाले, आसरा असतील नसतील, बियाणं हाय. उन्हाळ्यात तळ्यातला मासा संपतो, डोहातला उरतो. आषाढात ओढा आला की तोच तळ्यात उतरतो आणि वर्षभर आम्हाला पोसतो. शेतकरी कणगीतलं बी खात नाही, तसंच हे. बारावीत मला जे कुणी शिकवलं नव्हतं ते त्या माणसानं चुलीपुढं बसून दोन वाक्यांत सांगितलं.

डोहातला खरा मालक म्हणजे मरळ. हातभर लांब, सापासारख्या डोक्याची. मरळीचं कौतुक असं की ती पिल्लांना सोडत नाही. पावसाळ्यात पिल्लं पाण्यावर गोळा होऊन फिरतात, लालभडक, मुठीएवढा पुंजका, आणि नर-मादी खाली पहारा देत असतात. आमच्याकडं त्या लाल पुंजक्याला आसरांचं कुंकू म्हणतात. तो डोहावर दिसला की वर्ष चांगलं. मामा रोज पहाटे डोहाकडं जाऊन यायचे. पुढं काचबिंदूनं त्यांची नजर अधू झाली, तेव्हापासून मला धाडायचे आणि मी परत येताच दारातच विचारायचे, कुंकू दिसलं का? मी हो म्हटलं की चहा घ्यायचे.

आणि नवसाची रीत होती. लेकरू आजारी पडलं, बाईचं बाळंतपण अडलं, की आसरांना मासा बोलायचा. गुण आला की हिरव्या बांगड्या, दहीभात, नारळ, आणि एक जिवंत मासा डोहात सोडायचा. तो मासा मामा द्यायचे. तळ्यातून धरून, पाण्याच्या घागरीत घालून, स्वतः बघून. जखमी द्यायचे नाहीत, परका द्यायचे नाहीत. सोडलेला मासा मात्र परत कधी काढायचा नाही. काढला तर ज्याच्यासाठी सोडला त्याच्यावर उलटतो, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे आम्हीच म्हणायचो, आमच्याच घरानं गावाला शिकवलेलं.

माझी लेक आठ वर्षांची असताना तिला कावीळ झाली. भर उन्हाळा. डोळे पिवळे, नखं पिवळी, पाण्याचा घोट पोटात राहीना. धाराशिवच्या दवाखान्यात नऊ दिवस होतो. डॉक्टर भले होते, सलाईन लावत होते, पण सहाव्या दिवशी पोर बरळायला लागली आणि मला ओळखेना. तेव्हा माझी बारावी कुठं गेली कुणास ठाऊक. खाटेजवळ फरशीवर बसून मी आसरांना मासा बोलले. दोन दिवसांनी पोरीनं चहा-पाव मागितला. औषधानं मागितला की नवसानं, यावर मी तेव्हाही वाद घातला नसता आणि आताही घालणार नाही.

घरी आलो तर तळं कोरडं ठणठणीत. मामा डोळ्याच्या ऑपरेशनला सोलापूरला गेलेले, माझा नवरा त्यांच्याबरोबर. फोनवर मामांनी सांगितलं, घाई करू नको, पाऊस पडू दे, मी मासा देतो, आसरा कुठं पळून जात न्हाईत. पण मला दम निघेना. पोरीला संध्याकाळी जरा कणकण आली की मी तिला उजेडात नेऊन तिचे डोळे, नखं बघायचे. नवस फेडला नाही म्हणून तर नाही? शेवटी रविवारी बाजारात गेले. जिवंत मासा पाहिजे होता आणि अख्ख्या बाजारात जिवंत होता तो एकटा मांगूर.

मला माहीत नव्हतं असं नाही. मामांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं की तो बाहेरचा मासा, सरकारनंसुद्धा त्याला बंदी केलेली आहे, घाण खातो, अंडी खातो, पिल्लं खातो, ओल मिळाली की जमिनीवरनं सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. सगळं माहीत होतं. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या डोहात दोन मासे काय करणार आहेत. दोन घेतले, कारण एकटा मासा सोडणं बरं दिसेना. डब्यात घालून जीपनं आणले, पोरीच्या हातानं सोडले. तिला लई मजा वाटली. काठावर धुणं धुणाऱ्या पाच-सहा बाया बघत होत्या.

त्यांच्यातली एक म्हणाली, बरं झालं बाई, म्हणजे हे चालतं तर. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पुढच्या वर्षापासून गावानं मामांकडं नवसाचा मासा मागणंच बंद केलं. कशाला पाऊस पडायची वाट बघायची, कशाला म्हाताऱ्याच्या दारात जायचं? बाजारात जा, पिंपातला उचला, पिशवीत घाला, घरी येईपर्यंत मरत नाही. भोयाच्या सुनेनं सोडला म्हटल्यावर शंका कुणाला येणार. नोकरी लागली की मांगूर, ऊसतोडीहून माणूस सुखरूप परतला की मांगूर, बोअरला पाणी लागलं की मांगूर. लेकराबाळांपुरता असलेला नवस असा कशालाही व्हायला लागला. पहिल्या वर्षी कुंकू दिसलं. दुसऱ्या वर्षी एकदाच दिसलं आणि तिसऱ्या दिवशी नव्हतं. तिसऱ्या वर्षी मी पहाटे डोहावर उभी राहून बघत बसले आणि पाण्यावर नुसत्या काळ्या मिशा वर येऊन हवा घेत होत्या. घरी आले. मामांनी विचारलं, कुंकू दिसलं का? मी हो म्हटलं. त्यांनी चहा घेतला.

पण तळ्यातल्या जाळ्यात मांगूर यायला लागल्यावर किती दिवस झाकणार. ऑपरेशनानं मामांची नजर काही परतली नव्हती, पण त्यांनी जाळ्यातून हातानं चाचपून मासा ओळखला. हा कुठनं आला, एवढंच विचारलं. माझा नवरा म्हणाला, गावानं सोडलाय नवसाला. मी भाकरी थापत होते, थापत राहिले.

मामा गावच्या पारावर गेले. डोह एकदा ओढून काढू, मांगूर तेवढा बाहेर टाकू, मरळ परत सोडू, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, कारण मामांना मान होता. मग एकानं विचारलं, सोडलेला मासा काढायचा न्हाय, हे आम्हाला कुणी शिकवलं? तुमीच की. आता माझ्या नातवाच्या नावाचा मासा काढला आणि त्याला काही झालं तर? जन्मभर ज्या नियमानं मरळ राखली त्याच नियमानं आता मांगूर राखला जात होता आणि राखणदार तेच होते. एकदा मासेमारी खात्याचे एक साहेबही येऊन सांगून गेले की हे मासे नष्ट करा. गावानं त्यांना चहा पाजला, नारळ दिला आणि जीपपर्यंत पोचवलं.

मग तर ताळतंत्रच सुटलं. मांगूर खायला टाकलं की उसळतात, हे कळल्यावर लोक बघायला यायला लागले. कोंबडीच्या दुकानातली आतडी, पिसं, पिशव्याच्या पिशव्या डोहात ओतायचे आणि मोबाईलवर शूटिंग करायचे. प्लॅस्टिकच्या बांगड्या, नारळाच्या शेंड्या, पिशव्या. ज्या पाण्यात मी लग्नानंतर पहिल्यांदा पाय बुडवला तेव्हा तळाचे खडे मोजता येत होते, ते पाणी काळं, तेलकट झालं. म्हशीसुद्धा तोंड लावीनात. आणि बाया त्याच पाण्याचं तीर्थ घेत होत्या. लाज वाटायला पाहिजे होती सगळ्यांना. सगळ्यांत आधी मला.

असं दहाएक वर्षं चाललं आणि एका वर्षी पाऊसच झाला नाही. चैत्रात डोह गुडघ्याला लागला. मी लग्न होऊन आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. मामा म्हणाले, हीच वेळ हाय. चार-आठ दिवसांत आटंल, सरपटत जायला कुठं ओल न्हाई, मांगूर आपसूक मरतील. दगडाच्या कपारीत एखादी मरळ चिखलात दडून राहिली असंल तर ती पावसापर्यंत जगंल. ते हे दहा वेळा बोलले असतील, लहान पोरासारखे. मरळ चिखलात तग धरते, हे खरंच आहे.

पण गावानं सभा घेतली. आसरांचे मासे तडफडून मरायला लागले तर गावावर कोप होईल. प्यायला टँकर आठवड्याला येत होता, घरटी चार घागरी मिळत होत्या, आणि त्या लोकांनी वर्गणी काढून मांगुरांसाठी वेगळा टँकर सांगितला. आमच्या घरूनही वर्गणी गेली. नाही कसं म्हणणार?

टँकर यायचा त्या सकाळी मामा जाळं खांद्यावर टाकून निघाले. नवरा कामावर गेलेला. त्यांना वाट दिसत नव्हती, म्हणून मी मागं गेले. डोहावर कुणी नव्हतं, सगळे टँकर आणायला फाट्यावर गेलेले. मामांनी जाळं उलगडलं, एक टोक स्वतः धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. गुडघाभर पाणी, दोघांनी दोन फेऱ्या ओढलं असतं तर संपलं असतं.

मी म्हटलं, "मामा, पहिला मांगूर म्या सोडला. पोरीच्या काविळीला."

त्यांनी आपल्या हातातलं टोक मनगटाला गुंडाळलं. मग म्हणाले, "मला ठावं हाय. तू सोडलास म्हणूनच तुझ्या हातात दिलंय. वढ."

मी पाण्यात पाय घातला. घोट्याला काहीतरी बुळबुळीत घासून गेलं. पोर तेव्हा लातूरला हॉस्टेलवर, नर्सिंगला. आदल्या रात्री, मामा शेजारीच बसलेले असताना, फोनवर म्हणाली होती, आई, अंग जरा तापलंय, काही नाही, होईल कमी. शिकलेल्या लेकीला नर्सिंगचं पुस्तक पाठ, आणि तिची आई इथं एका माशाच्या मिशांकडं बघत उभी. मला कळत होतं हे सगळं खोटं आहे. अजूनही कळतं. बारावीची शपथ घेऊन सांगते, माझा विश्वास नाही. पण हात पुढं सरकला नाही. फाट्याकडून टँकरचा हॉर्न आणि हलगीचा आवाज यायला लागला, तसं माझ्या हातातलं टोक सुटलं. सुटलं कसलं, मी सोडलं.

टँकरची नळी डोहात पडली. पाणी फेसाळलं, मांगूर उसळले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, कारण या घरची सून म्हणून पहिला मान माझा.

मामांनी ओलं जाळं घडी घालून खांद्यावर घेतलं. घरी येताना अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "पोरीचा फोन आला का?"

"आला मगाशी. बरी हाय आता."

"मग झालं," ते म्हणाले.

त्यानंतर तीन पावसाळे झाले. पहाटे मी डोहाकडं जाते, परत येते. मामा दारातच बसलेले असतात. मी पुढं केलेला चहा घेतात. कुंकू दिसलं का, असं त्यांनी मला परत कधी विचारलं नाही.