सर्वरचं विसर्जन

मिल बंद झाली, पण मिलची झांकी बंद झाली नाही. अनंत चतुर्दशीला इंदूरात मिलांच्या झांक्या निघतात, बल्बांच्या माळा, हलणारे पुतळे, सगळं गाड्यांवर. बाबा मिलमधे क्लार्क होते आणि झांकी कमिटीत. गेटला कुलूप लागल्यावर पण ही मंडळी चंदा जमवून झांकी काढतच राहिली.

मी तेव्हा तुकोगंजमधे, एका क्लिनिकच्या वर दोन खोल्यांत चालणाऱ्या वेबसाइटवाल्या कंपनीत नवी नवी लागले होते. टायपिंग माझं फर्राटेदार, त्यामुळे सगळी कामं माझ्याच टेबलावर. मालकाला सगळे भियाच म्हणायचे. मी विचारलं, "भिया, झांक्यांच्या जुन्या फोटोंची साइट टाकू का?" तो म्हणाला, "टाक ना, अपना ही तो सर्वर है."

बस, बाबा सायकलवर घरोघर निघाले. कुणाकडे फोटो ट्रंकेत, कुणाकडे कॅलेंडरच्या मागे. ते आणायचे, मी स्कॅन करून सरळ सर्वरवर टाकायची, संध्याकाळी ते परत नेऊन द्यायचे. लोक मिलची क्वार्टरं सोडून कुठे कुठे चालले होते, आणि फोटो पण त्यांच्याबरोबर चालले होते. म्हणून घाई. एका फोटोत सोंड हलवणारा हत्ती होता. तो बाबांना सगळ्यात आवडायचा.

आता गंमत ऐका, मतलब गंमत नाहीच. सर्वरवर एक सॉफ्टवेअर असतं, कुणी साइटचा पत्ता टाइप केला की ते पान काढून दाखवतं. त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरमधेच भियाने सगळ्यांच्या साइटा ठेवलेल्या. मी म्हटलं, "साइटा वेगळ्या ठेवू ना, डी ड्राइव्हवर. उद्या सॉफ्टवेअर बदललं तर त्याच्याबरोबर आपलं पण जाईल."

"तू टेन्शन बहुत लेती है."

पुढच्या हफ्त्यात परत सांगितलं. परत तेच उत्तर. मग कोरी सीडी मागितली. सीड्या भियाच्या कपाटात, चाबी भियाच्या खिशात. ग्राहकांच्या साइटा सीडीवर जायच्या. "फुकटच्या साइटला सीडी कशाला?" फ्लॉपीत तर माझा एक फोटो पण धड मावत नव्हता. इतका राग यायचा ना, की कीबोर्डच्या आवाजावरून खालच्या कंपाउंडरला पण कळत असेल.

गणेश चतुर्थीला भिया नवं सॉफ्टवेअर घेऊन बसला. नवं काम त्याच दिवशी करायचं, हा त्याचा नियम. मला हार आणि पेढे आणायला पाठवलं. परत आले तर साहेब एकदम खुश.

"जुनं पूरा साफ केलं. फोल्डर, कचरापेटी, सब. विसर्जन झाल्याशिवाय नवी मूर्ती कोणी बसवतं का?"

"आणि साइटा?"

"बॅकअप लिया है ना."

"कुठे?"

"तिथेच, त्या फोल्डरमधे, बाजूला..." बोलता बोलता त्याचाच आवाज खाली गेला.

हार माझ्या हातातच होता. ग्राहकांच्या साइटा सीडीवर होत्या, त्या येणार होत्या. आमची तेवढी गेली.

दुपारी बाबा आले, इस्त्रीचा शर्ट घालून, साइट बघायला. त्यांना थांबवायला फोन करणार कुठे, ते आधीच निघालेले. मी पत्ता टाइप केला. नव्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं पान उघडलं, इंग्रजीत. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि मला म्हणाले, "अभिनंदन लिहिलंय. सगळं नीट बसलंय म्हणतात. फोटो खाली आहेत का?"

मी सांगितलं. एका दमात, जसं टाइप करते तसं. भिया पेढ्यांच्या डब्याकडे बघत उभा.

बाबा रागावतील असं वाटलं होतं. कुणाकुणाकडून फोटो आणले होते, ते बोटांवर मोजायला लागले. "शिंपीकाम करणारे आहेत अजून, त्यांच्याकडे मिळतील. कोपऱ्यातल्या क्वार्टरवाले नागद्याला गेले. हत्तीवाला..." तिसरं बोट तसंच धरून ठेवलं. "तो खंडव्याच्या पुढे कुठे गेला. पत्ता नाही दिला त्याने."

भिया म्हणाला, "काकाजी, मैं स्कूटर पे ले चलता हूँ आपको."

"नको. तुम्ही इथे बसा, हिला काय पाहिजे ते द्या."

ते सायकलवर निघाले. मी भियापुढे हात केला. त्याने खिशातून कपाटाची चाबी काढून दिली. मी आधी डी ड्राइव्हवर फोल्डर बनवलं, मग हार खाली ठेवला.

जेवढे फोटो मिळाले तेवढ्यांची साइट परत उभी आहे, आणि तिची सीडी माझ्या टेबलाच्या दराजमधे. हत्तीवाल्याचा पत्ता बाबा अजून विचारत असतात. त्या फोटोच्या जागी मी साइटवर रिकामी चौकट ठेवलीय. खाली काय लिहू विचारलं तर बाबा म्हणाले, "लिही, सोंड हलायची."