कुंपणावरच्या साड्या

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझी सगळी नोकरी ऑफिसात फायली हाताळण्यात गेली, राहायला शहरात, उस्मानपुऱ्यात. कुणाच्या अंगात आलंय म्हटलं की मी आधी त्याला पाणी देते आणि पंख्याखाली बसवते. पण गेल्या हिवाळ्यातली ही गोष्ट... तुम्हीच वाचा आणि ठरवा.

आमची शेती कन्नडच्या पुढं, अभयारण्याला लागून. डांबरी रस्त्याच्या एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला शेतं. शेती माझे धाकटे दीर, गणेश भाऊजी बघतात. आम्ही नवरा-बायको सुट्टीला जातो. हिवाळ्यात हरणांचे कळप हरभऱ्यावर येतात, म्हणून तिकडं सगळेच रस्त्याकडेला काठ्या रोवून जुन्या साड्या बांधतात. रंग हलले की हरणं बुजतात. सासूबाई वारल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकभर साड्या उरल्या होत्या, त्या आम्हीही बांधल्या.

माझ्या मनात तेव्हाच आलं, आईंनी हे बघितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं! जेवणाला उशीर चालेल, पण साडी अस्ताव्यस्त दिसलेली त्यांना खपायची नाही. त्यांची घडीही वेगळी – पदर बाहेर, शेवटचं टोक आत खोचलेलं, वर कडुनिंबाची डहाळी. फेकली तरी सुटायची नाही. मला कितीदा शिकवली, पण नाहीच जमली. "ऑफिसातल्या फायली बी अशाच बांधतीस व्हय गं?" असं म्हणायच्या.

असो. साड्यांमुळं हरभरा वाचला, पण भलतंच झालं. हरणांना शेतांच्या खालच्या नाल्यावर पाण्याला जायचं असतं. जंगलातून रस्त्यावर आली की समोर साड्यांची भिंत! मग ती भिंत संपेपर्यंत रस्त्यानंच पळत सुटायची. आणि ती संपायची नेमकी वळणावर, जिथं समोरचं काही दिसत नाही.

भाऊजी रोज सकाळी मोटारसायकलवर दूध घेऊन कन्नडला जातात, मागं त्यांची मुलगी पूजा, कॉलेजला. एका सकाळी त्या वळणावर हरीण आडवं आलं. भाऊजींचा खांदा निखळला, पूजाच्या कपाळाला टाके पडले. हरीण बिचारं जागीच गेलं.

पुढच्या सुट्टीत सगळे शेतकरी आमच्या ओट्यावर जमले. रस्ता जिथं सरळ आहे, गाडीवाल्याला लांबून दिसतं, तिथल्या साड्या काढून हरणांना वाट द्यायची, हे सगळ्यांना पटलं. पण वाट कुणाच्या शेतातून?

"सरळ रस्ता तुमच्याच शेतापाशी हाय, गणेश," शेजारचे दामूअण्णा म्हणाले.

"माझा हरभरा फुकटचा हाय व्हय?" भाऊजींचा हात गळ्यात बांधलेला, तरी आवाज चढला. "तुमच्याकडून जाऊ द्या की!"

"माझ्याकडं तर वळण हाय. तिथं लई धोका."

"पप्पा, मला त्याच रस्त्यानं जायचंय," पूजा म्हणाली.

काहीच ठरलं नाही. चहा झाला, मंडळी उठली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भाऊजींची हाक आली, "वैनी, जरा शेतात या!" आवाज असा होता की मी चहा तसाच ठेवून निघाले.

सरळ रस्त्यावरच्या, म्हणजे आमच्याच शेताच्या, साड्या काठ्यांवर नव्हत्या. बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी. आणि बांधावर साड्यांचा गठ्ठा – एकावर एक, पदर बाहेर, टोक आत खोचलेलं, वर कडुनिंबाची ताजी डहाळी. सगळं रान दवानं भिजलेलं... साड्या मात्र कोरड्या.

मी आधी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. पण ज्या माणसाला स्वतःच्या रुमालाची घडी येत नाही, त्याच्यावर संशय तरी किती घ्यायचा? भाऊजींचा हात गळ्यात. जाऊबाई आणि पूजा माझ्याच शेजारी झोपलेल्या, आणि ती घडी दोघींनाही येत नाही. बरं, आदल्या संध्याकाळीच हरभऱ्याला पाणी दिलेलं, त्यामुळं काठ्यांखाली नुसता चिखल. त्यात हरणांचे खूर होते, नाल्याकडं गेलेले. माणसाचं पाऊल एकही नव्हतं.

भाऊजी गठ्ठ्यासमोर खाली बसले. "आईची घडी हाय, वैनी," एवढंच म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले. मलाही राहवलं नाही.

ती वाट आम्ही परत बंद केली नाही. तिच्या दोन्ही अंगांना थेट नाल्यापर्यंत काठ्या रोवल्या, त्यांवर बांधायला दामूअण्णांनी आपल्या घरच्या साड्या दिल्या. 'हरणांची वाट, गाडी हळू चालवा' अशी पाटी पूजानं रंगवली. हरणं आता सरळ पाण्यावर जातात. जाता जाता थोडा हरभरा खातात, खाऊ देत! त्या वळणावर पुन्हा कुणाचा अपघात झालेला नाही, माणसाचा नाही की हरणाचा नाही.

ते कुणी केलं, कसं केलं, मला आजही सांगता येत नाही. गावातल्या कुणीतरी केलं असेल, असं स्वतःला समजावते... आणि मग ती घडी आठवते. त्या गठ्ठ्यातली एक साडी मी घरी आणून कपाटात ठेवलीय, घडी मोडायचा धीर होत नाही.

पूजा सांगते, ती वाट आली की पप्पा रोज गाडी हळू करतात आणि "येतो गं आई" म्हणून मगच पुढं जातात.