आत्या आणि तळ्याचा लांबचा कोपरा

"माशाला विचारू नका, पाण्याला विचारा," असं आत्या येताजाता आम्हा तळ्यावरच्या गड्यांना सुनवायची. तळं भाच्याचं, मासेही त्याचेच. पण खारं पाणी तपासायचा मान आत्याचा, आणि नाकावर माशी बसू द्यायची तिला सवय नव्हती.

रोज उजाडताना ती पायऱ्या उतरून बाटली बुडवायची आणि औषधाचे थेंब टाकायची. गाळ तपकिरी बसला, की माशांना प्राणवायू पोटभर. पांढरा राहिला, तर घात. तिची बाटली सदा तपकिरी. का नसावी? पाणी उसळवणारं यंत्र पायऱ्यांना खेटूनच गरगरायचं. लांबच्या कोपऱ्यात चिखल, आणि आत्याच्या गुडघ्यांचं चिखलाशी जुनं वैर. लोक उंटावरून शेळ्या हाकतात. आत्या पायरीवरून मासे हाकायची.

त्या सकाळी वारा मेलेला. पाणी निपचित पडलेलं, आणि लांबच्या कोपऱ्यात मासे तोंडं वर काढून आ वासत होते.

"आत्या, मासे गुदमरतायत हो," भाच्याची बायको म्हणाली.

"जांभया देतायत. झोप झाली नसेल."

"सगळ्यांची एकदम?"

"तुमच्या घरात नाही का, सगळी एकदमच देतात!"

भाचा कपाळाला हात लावून उभा. त्याची सगळी मेहनत त्या पाण्यात होती. "आत्या, नीट बघ ना."

"तपकिरी आहे. तुझे डोळे फुटले का?"

तेवढ्यात एक मासा उताणा झाला. मग त्याच्या शेजारचा.

आत्याने हातातल्या बाटलीकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे. तिने साडी वर खोचली, बाटली काठीला बांधली आणि पावलापावलाला चिखलाच्या सात पिढ्या उद्धरत कोपरा गाठला. तळाचं पाणी काढलं, थेंब टाकले. गाळ पांढराफटक.

"बघता काय मेल्यांनो! यंत्र इकडे ओढा! समुद्राच्या पाण्याची झडप उघडा! माशांचं खाणं बंद!"

उन्हं चढेपर्यंत मासे खाली गेले. टोपलीभर मेले, बाकीचे तगले. भाचा मेलेले मासे मोजत बसला. त्याची बायको मात्र कोपऱ्यापर्यंत फळ्या टाकायला निघाली.

"फळ्या माझ्या तिरडीला ठेव," आत्या म्हणाली.

दुसऱ्या सकाळी ती काठी खांद्यावर टाकून पायऱ्यांकडे न बघताच पुढे गेली आणि सरळ चिखलात शिरली. भाचा, त्याची बायको आणि आम्ही बांधावरून बघत होतो. ती पार लांब जाईपर्यंत हसायची कुणाची छाती झाली नाही.