काजळीची काच

माझी थोरली जाऊ कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाडलोट करायची. एकदा काजळी धरलेली काच दिसली, तर बाईनं घासून लख्ख केली. नेमकी प्रयोगाची काच ती, काजळीवर दोन बारीक रेघा ओढलेली. आता नोकरी गेलीच, म्हणून ती रडवेली होऊन प्रयोग शिकवणाऱ्या मास्तरांपुढे उभी राहिली.

"मावशी, तुमच्या हाताला चैन नाही," मास्तर हसले. "आता नवी तुम्हीच करा."

तिनं मेणबत्तीवर काच काळी केली, दोन ब्लेड जोडून रेघा ओढल्या. मास्तरांनी त्या रेघांतून लेसरचा उजेड सोडला, तर भिंतीवर दोन नाही, उजेडाचे कितीतरी पट्टे.

"दोन रेघांतल्या लाटा एकमेकींत मिसळतात, म्हणून इतके पट्टे. उजेड जातो लाटेसारखा, पडतो मात्र दाण्यादाण्यानं," मास्तर म्हणाले.

बोलणी खायला गेले न् उजेड बघून आले, असं सांगताना ती अजून हात जोडते.