आरशामागची चिठ्ठी

नामदेव गेल्याचं त्याच्या मुलीने, सुनंदाने, फोनवर कळवलं. "गुरुजी, दादा गेले. सकाळी चहा मागितला, अन् घेतलाच न्हाई." मी नुसतं 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला. आता महिना उलटून गेला. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत आम्ही चौथीपर्यंत एकाच तरटावर बसलो. पुढे मी शिक्षक झालो आणि तो तमाशात गेला. गवळणीतली मावशी त्याने चाळीस वर्षं केली. लोक त्याला नामा मावशी म्हणूनच ओळखत. त्याच्याबद्दल एक गोष्ट गेली सहा वर्षं सांगितली जाते, की त्याने मोठा पुरस्कार नाकारला. ते खरं नाही. ते खोटं माझ्या तोंडून निघालं, म्हणून हा लेख.

कोपरगावकडच्या एका जत्रेत गर्दीतून कोणी तरी ओरडलं, "मावशे, मिशी राहिली की!" नामदेवने पदर सावरला आणि म्हणाला, "राहू दे बाळा, तुझ्या काकाला तीच आवडती." पाच मिनिटं हशा थांबला नव्हता. पण हाच माणूस साध्या कपड्यांत रंगमंचावर कधी चढला नाही. शाळेत एकदा त्याला पाहुणा म्हणून बोलावलं, तर व्यासपीठाच्या खाली उभा राहून बोलला. मी कारण विचारलं. "पायरी चढायची तर लुगडं नेसून, मास्तर. वर नामदेवाचं काय काम हाय?" ही त्याची रीत होती, आणि फडातले सगळे ती मानत.

निवृत्तीनंतर आम्ही काही जणांनी ज्येष्ठ लोककलावंतांचा पुरस्कार देऊन सत्कार करायचं ठरवलं. मी समितीचा चिटणीस. पहिल्याच यादीत नामदेवचं नाव मी घातलं, आणि त्याच्याबरोबर तीस वर्षं ढोलकी वाजवणाऱ्या बाबूरावचंही. नामदेवचा निरोप आला, मला जमायचं नाही, तिथं सदरा घालून यावं लागंल. मी गावाकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली: 'लुगडं नेसूनच ये. कोणी काही म्हणणार नाही. मी आहे.'

नगरच्या सभागृहात कार्यक्रम होता आणि केबलवर थेट दाखवला जात होता, त्याचं आम्हाला फार अप्रूप. मिनिटामिनिटाचा कागद माझ्या खिशात. नामदेव दुपारीच आला आणि आतल्या खोलीत तयार होऊन बसला. हिरवं लुगडं, नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. प्रमुख पाहुणे चहाला आत आले, त्याच्याकडे बघून म्हणाले, "आज सत्कार आहे की वग?" सगळे हसले. मीही हसलो... मग पाहुण्यांनी मला बाजूला घेतलं. "हे घराघरांत दिसतंय. जरा शोभेल असं करा."

मी नामदेवकडे गेलो. म्हणालो, "तेवढं बदल बाबा. माझा सदरा देतो."

"तूच लिव्हलं हुतंस ना?"

"लिहिलं होतं. पण आता वेळ नाही रे."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नथ काढून हातात घेतली. "मंग माझं राहू दे. तुझा खोळंबा नको."

त्याचं नाव चौथं होतं. ते आलं तेव्हा माईकवर मीच होतो. गाळून पुढे जाता आलं असतं. पण छापील पत्रिकेत नाव होतं, लोक वाट बघत होते. मी म्हणालो, "नामदेवरावांनी पुरस्कार स्वीकारण्यास नम्र नकार कळवला आहे." तो पडद्यामागे, माझ्यापासून दहा पावलांवर बसला होता.

दुसऱ्या दिवशी 'नकार' छापून आला. फडातले जुने लोक बिथरले. बाबूरावने त्याच मंचावर शाल घेतली होती. तो म्हणाला, "त्यानं लाथाडलं, म्हंजी आमी काय हावरट हुतो व्हय?" त्याने नामदेवच्या घरी जाणं सोडलं. नामदेवने कुणाला उत्तर दिलं नाही. मी दोनदा त्याच्याकडे गेलो, ते शब्द माझेच होते हे सांगेन म्हणून, आणि चहा पिऊन परत आलो. दुसऱ्या वेळी तो एवढंच म्हणाला, "सभागृह झ्याक हाय तुमचं. आवाज पार मागपातुर येतो."

दहाव्याला बाबूराव आला आणि ओटीवर भिंतीला टेकून बसला. सुनंदाने वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. झाकणाच्या आत रंगायचा आरसा बसवलेला. आरशामागे घडी करून काही तरी खोचलं होतं. तिने ते काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "गुरुजी, हे अक्षर तुमचं हाय का?"

मी हो म्हणालो. सहा वर्षं तोंड रंगवताना तो कागद त्याच्यासमोर होता. एकदा बाबूरावला दाखवला असता तरी पुरलं असतं.

"वाचा की," बाबूराव म्हणाला. मी वाचली. मग सभागृहातलं सगळं सांगितलं, पाहुण्यांचा चहा आणि माझं हसणं धरून. बाबूरावने माझ्या हातातली चिठ्ठी काढून घेतली आणि कोपरीच्या खिशात घातली. "फडात दावतो," म्हणाला. माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरला.

चिठ्ठी निघाल्यापासून आरसा चौकटीत खुळखुळतो. मी सुनंदाला म्हणालो, जाड कागद आणून देतो. ती म्हणाली, "नको. तुमी आत्ता सांगितलं ते पेपरात लिहा. छापून आलं की कात्रण आणा, तेच घालू."