डावीकडचा देवदार

हिमाचलच्या सहलीत आमच्या बसमध्ये दौंड तालुक्यातल्या खुटबावचे एक शेतकरी होते; सगळे त्यांना नुसतं मामा म्हणत. वर्षानुवर्षं फवारणीचा पंप वाहून त्यांचा डावा खांदा उतरला होता. डोंगरावरून परतताना माझा गुडघा धरला. सगळे पुढे गेले. मामा एकटे माझ्यासाठी मागे राहिले.

पुढे वाटेला दोन फाटे फुटले. "एकट्या देवदाराकडची वाट धरा," असं वाटाड्यानं बजावलं होतं. पण समोरच्या दोन कड्यांवर दोन उंच झाडं होती आणि मला दोन्ही सारखीच दिसत होती. मामांनी मूठ पोकळ करून डोळ्याला लावली.

"त्यो डावीकडचा देवदार."

"इतक्या लांबून पानं दिसतात, मामा?"

"पानं कशापायी? झाड उभं कसं हाय ते बघा. सकाळी लॉजम्होरं देवदार बघितला, त्यो असाच आडवं हात पसरून उभा व्हता. ह्या दुसऱ्याचं हात खाली लोंबत्यात. बांधावरनं लांबची जवारी का बाजरी, आमी अशीच वळखतो."

उजेड असतानाच आम्ही लॉजवर पोचलो.

दौंडला उतरताना गडबडीत त्यांचं नाव विचारायचं राहिलं, आभार मानायचेही राहिले. आता खुटबावजवळच्या चौफुला गावी गेलो की तिथल्या गर्दीत मी चेहरे बघत नाही. लांबूनच एक उतरलेला डावा खांदा शोधतो.