काचेपलीकडचे ओठ

विमानतळ कसे वाढत गेले, यावरचा जुना कृष्णधवल माहितीपट परवा मुलीबरोबर पाहिला. विमानाच्या शिडीवर जो तो वळून हसायचा, काहीतरी बोलायचा. ऐकू मात्र निवेदकच यायचा. मला शंका आली.

"हे लोक 'येतो' म्हणाले असतील की 'जातो'?"

"बाबा, साहेब आहेत ते. 'बाय' म्हणाले."

आमच्या घरात निघणाऱ्याने 'येतो' म्हणायचं आणि राहणाऱ्याने 'ये'. लेकीचं परदेशाचं तिकीट मात्र एकाच बाजूचं.

"परतीचं शिक्षण संपल्यावर काढेन," ती म्हणाली. मी मान डोलावली आणि तिकिटाचा कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

आज विमानतळावर काचेपलीकडून ती वळली, हसली. तिचे ओठ हलले, पण ऐकू काहीच आलं नाही. मी आपला काचेला नाक लावून मोठ्याने म्हणालो, "ये."